परतीचे घर आणि तीन अंतरे : परदेशातून परतलेल्या कुटुंबांची उपनगर-निवड आणि पुण्याचा नागरी इतिहास

प्रस्तावना

परदेशातील वास्तव्य आटोपून मायदेशी परतणाऱ्या कुटुंबापुढे सर्वांत मोठा प्रश्न नोकरीचा असतो, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात तो प्रश्न बहुधा विमानात बसण्यापूर्वीच सुटलेला असतो. शहराचाही प्रश्न फारसा नसतो, कारण ते बहुतेक वेळा आपलेच, म्हणजे जिथून आपण गेलो तेच असते. सुटता सुटत नाही तो प्रश्न त्या शहराच्या कोणत्या भागात राहावयाचे हा होय. स्थलांतराच्या अभ्यासात जाणाऱ्यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परत येऊन घर शोधणाऱ्यांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या संदर्भात या निवडीचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

परतणारे कुटुंब घर निवडताना मुख्यतः तीन अंतरे मोजते : थोरल्यांच्या घरापासूनचे, कामाच्या ठिकाणापासूनचे आणि मुलांच्या शाळेपासूनचे. पाणी, हवा, वाचनालय, मंडई, शेजार यांचाही विचार होतो. पण तो या तिन्हींचा हिशेब लागल्यानंतर. पेठांच्या पुण्यात ही तीनही अंतरे पायी चालण्याइतकी होती. गेल्या सव्वाशे वर्षांत ती एकमेकांपासून दूर गेली. ही फारकत कोणा एका कुटुंबाने केलेली नाही. नदीवरचे पूल, एक फुटलेले धरण, विकास आराखडे, जमिनीचे कायदे आणि औद्योगिक वसाहतींच्या जागा यांनी ती घडवून आणली. म्हणून परतणाऱ्याला आपण स्वतंत्रपणे निवड करीत आहोत असे वाटत असले, तरी त्याच्यापुढे ठेवलेले पर्याय बऱ्याच अंशी आधीच ठरलेले असतात, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

समुद्रोल्लंघन आणि पेठ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशाहून परतणाऱ्यापुढे 'कोठे राहावे' यापेक्षा 'कोण राहू देईल' हा प्रश्न अधिक बिकट होता. समुद्रोल्लंघन हे पातक मानले जात असे व प्रायश्चित्तावाचून पंक्तीत घेतले जात नसे. पुण्यातील सनातनी मंडळींचा वचक केवढा होता, हे समजण्यासाठी परदेशगमनाचेही उदाहरण लागत नाही. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला सामोरे जावे लागले. वाड्याची रचनाच अशी होती की एका आडावर अनेक बिऱ्हाडे पाणी भरीत. शेजार ही खाजगी बाब नव्हती. ती ज्ञातीची बाब होती.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतून परतल्या. कोल्हापूर संस्थानातील रुग्णालयात त्यांची नियुक्ती ठरलेली होती. प्रकृती ढासळल्यामुळे त्या तेथे रुजू होऊ शकल्या नाहीत आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. काम एका गावी आणि आप्तेष्ट दुसऱ्या गावी, ही परतणाऱ्यांची अडचण एवढी जुनी आहे.

पुलापलीकडचे पुणे

मुठेच्या पश्चिम तीरावरील भांबुर्डे आणि एरंडवणे ही तेव्हा शेताभातांची गावे होती. १८८५ साली शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात सुरू झालेले फर्ग्युसन महाविद्यालय शतकाच्या अखेरीस टेकडीच्या पायथ्याशी गेले. १८९७ च्या प्लेगने गावाबाहेर राहण्याची सक्तीची सवय लावली होती. १९०६ मध्ये डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली आणि १९२० च्या दशकात त्या परिसरात बंगल्यांची वसाहत आकारास आली. लकडी पूल ओलांडणे म्हणजे गाव सोडणे, अशी जुन्या मंडळींची समजूत दीर्घकाळ टिकून होती.

ही नवी वसाहत परदेशातून शिकून आलेल्यांच्या पहिल्या पिढीला मानवली, हा योगायोग म्हणता येणार नाही. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मायदेशी परतले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. महाविद्यालयाच्या परिसरात आड एकाचा आणि पंगत दुसऱ्याची अशी अडचण नव्हती. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि १९२४ मध्ये विधी महाविद्यालय याच पट्ट्यात उभे राहिले. ज्याने परदेशी विद्या घेतली त्याला काम आणि घर दोन्ही देणारा भाग म्हणून पश्चिम तीराची ओळख तयार झाली, ती या संस्थांमुळे.

इरावतीबाई कर्वे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये संशोधन करून त्या परतल्या. पती दिनकर धोंडो कर्वे हेही जर्मनीत शिकलेले व फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे अध्यापक. घर एरंडवणे परिसरात झाले. श्वशुर महर्षी कर्वे यांची संस्था हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरला, तेथून फारशी दूर नव्हती. पतीचे काम हाकेच्या अंतरावर होते. इरावतीबाईंचे काम मात्र १९३९ पासून डेक्कन कॉलेजमध्ये, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला येरवड्याला होते. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणारी विदुषी म्हणून त्यांची ओळख आजही सांगितली जाते. त्या आठवणीत कौतुकाचा सूर असतो. पण त्या स्कूटरमागे एक साधा हिशेबही होता. घराची जागा ठरताना तीन अंतरांपैकी जे लांब पडले ते पत्नीच्या वाट्याला आले. पुढील काळातही हे फारसे बदललेले दिसत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डचे शिक्षण पुरे करून परतले. बनारस आणि अलीगढ येथील अध्यापनानंतर ते पुण्यात फर्ग्युसनमध्ये आले. वडील धर्मानंद यांनीही तेथे पूर्वी पाली शिकविली होती. पुढे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुंबईला काम मिळाले, तरी त्यांनी भांडारकर संस्थेजवळचे पुण्याचे घर सोडले नाही. ते डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली नसती तर त्यांना दोहोंतील एक सोडावे लागले असते. घराजवळच्या टेकड्यांवर फिरताना त्यांनी सूक्ष्म अश्मास्त्रे गोळा केली आणि ती त्यांच्या इतिहासलेखनाची साधने झाली. राहण्याच्या जागेची निवड विद्येच्या उपयोगी पडल्याचे याहून चांगले उदाहरण पुण्यात तरी सापडणे कठीण.

पूर, पुनर्वसन आणि कोथरूड

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले. नारायण, शनिवार, कसबा आदी पेठांचा नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला. पलीकडच्या काठावरील डेक्कनचा सखल भागही त्यातून सुटला नाही. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. पेठ सोडणे ही तोवर काहींची हौस होती, ती आता अनेकांची गरज झाली. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे पेव फुटले आणि कर्वे रस्ता, पौड रस्ता यांच्या दुतर्फा मध्यमवर्ग पश्चिमेकडे सरकत गेला. १९८० आणि १९९० च्या दशकांत कोथरूड हे पेठांतील कुटुंबांचे स्वाभाविक दुसरे घर बनले. तेथे पेठेचीच भाषा होती, तेच सणवार होते. जागा मात्र मोकळी होती.

याच पिढीची मुले अमेरिकेला गेली. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतरविषयक कायद्यातील राष्ट्रनिहाय कोटा रद्द केल्यावर डॉक्टर व अभियंते जाऊ लागले. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन होण्याइतकी त्यांची संख्या झाली. पण ती मंडळी बहुतांशी परतली नाहीत. त्यांच्या आई-वडिलांचे कोथरूड हे परतीचे ठिकाण नव्हते. सुटीचे ठिकाण होते. परतीचा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो १९९० नंतर संगणक क्षेत्रातील तात्पुरत्या परवान्यांवर गेलेल्यांच्या बाबतीत. एच-१बी परवान्याची सर्वसाधारण मर्यादा सहा वर्षांची होती. २००१ ते २००३ या काळात वर्षाला १,९५,००० असलेली या परवान्यांची कमाल संख्या २००४ च्या आर्थिक वर्षापासून ६५,००० वर आली. २०००-०१ मधील संगणक उद्योगाची मंदी आणि २००८ चे आर्थिक अरिष्ट यांनी अनेकांचे बेत बदलले. काहींना मात्र यांपैकी कोणतेही कारण नव्हते. मूल शाळेत जाऊ लागले आणि घरी मराठी बोलेनासे झाले, एवढेच निमित्त त्यांना पुरे झाले.

शेत, आराखडा आणि बाणेर

परतणाऱ्यांचे काम तोवर हिंजवडीला गेले होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले, ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. मुळशी तालुक्यातील हे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत नव्हते आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्याही नव्हते. हजारो अभियंते ज्या गावी रोज जात त्या गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहत होती. औंध-बाणेर पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये आणि कचेरी ग्रामपंचायतीत, अशा तीन कारभारांच्या सीमा आठ-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात होत्या. बसगाड्यांचीही तीच तऱ्हा होती. दोन्ही शहरांच्या परिवहन सेवा एकत्र झाल्या त्या २००७ मध्ये.

औंध हे या पट्ट्यातील जुने नाव. (सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाशी त्याचा गोंधळ होतो, परदेशातून पत्ता शोधणाऱ्यांचा तर हमखास होतो.) गणेशखिंडीत १९४९ साली सुरू झालेले विद्यापीठ आणि पाषाणजवळची १९५० ची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांमुळे परप्रांतीय व परदेशी शिकलेल्या कुटुंबांची वस्ती तेथे आधीपासून होती. बाणेर आणि बालेवाडी मात्र १९९७ पर्यंत गावेच होती. त्या वर्षी पुण्याच्या हद्दीत ३८ गावे घेण्यात आली. २००१ मध्ये त्यांतील १५ वगळून २३ ठेवली गेली. बालेवाडीचे क्रीडासंकुल त्याआधीच, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभे राहिले होते, आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळी त्या बाजूचे रस्ते रुंद झाले. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गामुळे मुंबईही जवळ आली. विमानतळ त्या मानाने लांबच राहिला, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला.

घरे आधी आली, आराखडा मागाहून आला. समाविष्ट गावांच्या विकास आराखड्यास मंजुरी मिळाली ती तुकड्यातुकड्यांनी व बऱ्याच विलंबाने. त्यामुळे इमारत पूर्ण आणि तिच्यापुढचा रस्ता मात्र कागदावर, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. जलवाहिनीचे तेच झाले आणि उन्हाळ्यात नव्हे तर बारमाही टँकर फिरू लागले. विद्यापीठ चौकातील कोंडी फोडण्यासाठी २००० च्या दशकात उभारलेले उड्डाणपूल मेट्रोच्या व नव्या दुमजली पुलाच्या कामासाठी २०२० मध्ये पाडावे लागले, यावरून नियोजनाची दृष्टी किती लांबची होती ते कळते.

कायद्याचाही येथे विचार केला पाहिजे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १ जून २००० पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीयाला निवासी घर घेता येई. शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नसे. महाराष्ट्रात तर बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेण्यास अटकाव आहे. तेव्हा परतणाऱ्याचा आणि गावच्या जमिनीचा प्रत्यक्ष संबंध कधी आलाच नाही. सातबाऱ्यावरचे नाव आणि सदनिकेच्या करारनाम्यावरचे नाव यांच्या मध्ये विकसक होता. ज्याचे शेत होते तो आणि ज्याचे घर झाले तो, एका गल्लीत राहूनही एकमेकांस अनोळखी राहिले याचे एक कारण येथे सापडते.

याला एक लक्षणीय अपवाद शहराच्या पूर्वेस हडपसरला घडला. मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर सलग जमीन तुकड्यांनी न विकता एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात भागभांडवल घेतले आणि २००० च्या सुमारास स्वतःच नगर वसविण्यास आरंभ केला. घरे, संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या, शाळा, रुग्णालय हे सारे एका आवारात आले. काम आणि शाळा ही दोन अंतरे पुन्हा पायी चालण्याइतकी झाली व परतणाऱ्या अनेक कुटुंबांना ते नगर पसंत पडले. मूळ मालकही देशोधडीस लागले नाहीत. तरी तिसरे अंतर उरलेच. ज्यांचे आई-वडील कोथरूडला होते त्यांना रोज सारे शहर ओलांडावे लागले असते. शिवाय हा प्रयोग सहज अन्यत्र करण्याजोगा नव्हता. एवढी सलग जमीन, तीही बहुतांशी एकाच भावकीची, बाणेरला नव्हती.

शाळेचे अंतर हे केवळ किलोमीटरचे नसते, हेही नमूद केले पाहिजे. १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल किंवा १८८३ चे नूतन मराठी विद्यालय यांचे पुणे पेठांत होते. परतणाऱ्यांच्या मुलांना हव्या असलेल्या, केंद्रीय वा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या नव्या शाळा पश्चिमेच्या नव्या उपनगरांत निघाल्या. मराठीसाठी परतावे आणि मराठी दुय्यम असलेली शाळा निवडावी, असा विरोधाभास त्यातून निर्माण झाला. सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा राज्याचा कायदा २०२० चा आहे. तोवर २००० च्या दशकात परतलेल्यांची मुले शाळेतून बाहेर पडली होती.

एका कुटुंबाचे उदाहरण

प्रस्तुत लेखिकेच्या आजोळचे उदाहरण येथे दिल्यास ते अप्रस्तुत ठरू नये. मामा न्यू जर्सीहून २००६ मध्ये पत्नी व आठ वर्षांच्या मुलीसह परतले. आजी-आजोबा नारायण पेठेत राहत. आजोबांच्या वडिलांचे घर पुरात गेले होते आणि तरीही त्यांनी पेठ सोडली नव्हती. मामांची कचेरी हिंजवडीला. त्यांनी कोथरूड, औंध, बाणेर आणि वाकड येथील मिळून वीसेक सदनिका पाहिल्या. कोथरूड त्यांना मनापासून हवे होते, पण तेथून कचेरीला जाऊन येण्यात दिवसाचे अडीच-तीन तास जाणार होते. वाकडहून कचेरी जवळ, पण मामींना त्या बाजूला आपले कोणीच नाही असे वाटे. औंध परवडेना. उरले बाणेर. मामींनाही नोकरी करावयाची होती. ती मिळाली कॅम्पात, आणि दोन वर्षांनी प्रवासाला कंटाळून त्यांनी ती सोडली.

आजी-आजोबांना बाणेरला नेण्याचे ठरले होते. ते आले, तीन आठवडे राहिले आणि परत गेले. नारायण पेठ ते बाणेर हे अंतर जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. मामा दर रविवारी जात. मध्ये एखादा वार जमावा असा प्रयत्न करीत, पण तो विद्यापीठ चौकातच संपे. मी तेव्हा शाळेत होते व आजोबांकडे रोज संध्याकाळी जात असे. ते तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. एकदा मात्र म्हणाले, "अमेरिकेत होता तेव्हा रोज फोन करायचा. आता इथंच आहे म्हणून करत नाही." इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून पुढे मी अनेक साधने वाचली, परतीच्या स्थलांतराविषयी याहून नेमके वाक्य माझ्या वाचनात आलेले नाही.

आजोबा २०११ मध्ये गेले. पुण्याच्या पश्चिम उपनगरांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र गृहसंकुले निघाली होती, त्यांतील एक आजीला दाखविण्यात आले. तिने ते पाहिले, चहा घेतला आणि मामांच्याच घरी राहीन म्हणून सांगितले. सातव्या मजल्यावरून दिसणारी तुकाई टेकडी तिला आवडे. गावकरी आणि नव्या वसाहतींतील रहिवासी मिळून बाणेरच्या टेकडीवर झाडे लावीत होते. मामा रविवारी सकाळी तेथे पाणी घालावयास जाऊ लागले, कारण आता रविवार मोकळा होता.

आजीची मैत्री झाली ती फाटकापाशी पालेभाजी विकणाऱ्या बाणेरच्याच एका वृद्ध बाईंशी. दोघी दगडी कठड्यावर बसून तासन्‌तास बोलत. एके दिवशी त्या बाईंनी आजीला विचारले, "कितवा मजला तुमचा?" आजीने वर बोट दाखविले. बाईंनी खाली, वाहनतळाकडे बोट दाखविले आणि सांगितले, "ती लाल गाडी हाये ना, तिथं आमची विहीर होती." लाल गाडी मामांची होती.